खटल्याचे शेवटचे पान कुठे मिळते?

प्रश्न : आम्ही दोघे मूळचे पुण्याचे. बरीच वर्षे कॅलिफोर्नियात आहोत आणि सध्या सनीव्हेलमध्ये राहतो. २०१२ साली माझे पती सॅन होजेत शिकत होते. त्या वेळी मिलपिटसमधल्या एका दुकानातून पैसे न देता वस्तू बाहेर नेल्याबद्दल त्यांना अटक झाली. आरोप फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, होता. तीन-चार तारखांनंतर सरकारी पक्षाशी तडजोड झाली, त्यांनी किरकोळ चोरीचा मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा, कबूल केला, दंड भरला आणि समाजसेवेचे तासही पूर्ण केले. २०१५ मध्ये वकिलांनी ‘एक्स्पंज’ (नोंद पुसणे) करून दिले आणि ‘आता काहीही राहिलेले नाही’ असे सांगितले. यंदा त्यांना नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे आणि अर्जात जुन्या अटकांबद्दल विचारलेले आहे. मी पैसे भरून एका खासगी संकेतस्थळावर त्यांचे नाव शोधले, तर तिथे फेलनीचा आरोप दिसतो, पुढे काहीच लिहिलेले नाही. कोर्टाच्या पोर्टलवर तर त्यांचे नावच सापडत नाही. आमच्याकडे एकही कागद नाही आणि जुन्या वकिलांचा ठावठिकाणा लागत नाही. हे रेकॉर्ड कोणाकडे आणि कसे मागायचे? आणि मागितल्यामुळे ते प्रकरण पुन्हा उघडले जाईल का?

— एक वाचक, सनीव्हेल

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्र वाचताना तीच भीती बाकीच्या सगळ्या ओळींमागे उभी असलेली जाणवली. नक्कल मागितल्याने खटला पुन्हा उघडत नाही. मागणारा अर्ज सरकारी वकिलाकडे किंवा पोलिसांकडे जात नाही आणि निकाली निघालेल्या प्रकरणाला त्याने नवा जीव येत नाही. न्यायालयाच्या क्लार्कसाठी हे रोजचे काम आहे. नोकरीसाठी, घरभाड्यासाठी, व्यवसायाच्या परवान्यासाठी आणि तुमच्यासारख्याच स्थलांतराच्या अर्जांसाठी लोक त्या खिडकीपुढे सतत उभे असतात, आणि तिथे मान खाली घालून उभे राहण्याचे काहीही कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातील न्यायालयांत तिऱ्हाइताला फौजदारी खटल्याची नक्कल हवी असेल तर अर्जात कारण द्यावे लागते, त्यामुळे ‘का हवी आहे’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवूनच आपण जातो. कॅलिफोर्नियात न्यायालयाची फाइल मुळात सर्वांसाठी खुली समजली जाते आणि ती पाहण्यासाठी हेतू सांगावा लागत नाही. तुमच्या पतींच्या बाबतीत मात्र या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद लागू होण्याची दाट शक्यता आहे. त्याच्याकडे पुढे येते, कारण पोर्टलवर नाव का सापडत नाही याचे उत्तरही बहुधा त्यातच आहे.

त्याआधी, कोणते न्यायालय हे पक्के करू. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि प्रत्येक काउंटीचे स्वतःचे सुपिरिअर कोर्ट आहे. फेलनीचे खटले तिथेच चालतात आणि त्यांचे दफ्तरही तिथेच राहते. सर्व ५८ न्यायालयांतले फौजदारी खटले एका नावावर शोधता येतील अशी सामाईक सार्वजनिक अनुक्रमणिका नाही, म्हणून काउंटी चुकली तर ‘असे काही सापडत नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. काउंटी ठरते ती गुन्हा जिथे घडला त्या जागेवरून, आरोपीच्या राहत्या पत्त्यावरून नाही. मिलपिटस सांता क्लारा काउंटीत येते, त्यामुळे तुमचे न्यायालय म्हणजे सांता क्लारा काउंटीचे सुपिरिअर कोर्ट. दुकान थोडे उत्तरेला, फ्रीमाँटच्या हद्दीत असते, तर दफ्तर अलामेडा काउंटीकडे गेले असते. इतक्या जवळच्या गावांत हा घोळ सहज होतो, म्हणून पतींना दुकानाची नेमकी जागा आठवून पाहायला सांगा. सांता क्लारात फौजदारी कामाचे मुख्य ठिकाण म्हणजे सॅन होजेमधील वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरचे हॉल ऑफ जस्टिस. पालो आल्टो आणि मॉर्गन हिल येथेही या न्यायालयाच्या इमारती आहेत, पण मिलपिटसच्या प्रकरणाची चौकशी हॉल ऑफ जस्टिसपासून सुरू करणे योग्य. निघण्यापूर्वी खिडकीच्या वेळा न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण त्या बदलत असतात.

पुष्कळ लोक इथे ‘पेसर’ नावाच्या सेवेवर खाते उघडून बसतात आणि काहीच न सापडल्याने सुटकेचा निःश्वास टाकतात. पेसरवर फक्त संघराज्याच्या, म्हणजे फेडरल न्यायालयांच्या फायली असतात. दुकानातील चोरीचा खटला राज्याच्या कायद्याखालचा असल्यामुळे तो तिथे असणारच नाही. असाच दुसरा फसवा रस्ता म्हणजे माहितीच्या अधिकाराचा. आपल्याकडची सवय म्हणून काहीजण ‘पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट’खाली अर्ज पाठवतात, परंतु कॅलिफोर्नियाचा तो कायदा न्यायालयाच्या खटल्यांच्या फायलींना लागू होत नाही. भारतातही चित्र फार निराळे नाही: न्यायालयीन कागदांच्या नकला माहिती अधिकाराखाली नव्हे, तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून अर्ज थेट न्यायालयाच्या क्लार्ककडेच करायचा.

आता ‘रेकॉर्ड’ या एका शब्दाखाली आपण ज्या तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणतो त्या वेगळ्या करू. पहिली अनुक्रमणिका : तिच्यात फक्त नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो. दुसरी नोंदवही, जिला तिथे ‘रजिस्टर ऑफ ॲक्शन्स’ म्हणतात : कोणत्या तारखेला काय दाखल झाले आणि काय हुकूम झाला याची ओळीओळीने नोंद. तिसरी प्रत्यक्ष फाइल, ज्यात सह्यांचे कागद असतात. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांतील २.५०३ क्रमांकाच्या नियमानुसार पहिल्या दोन गोष्टी घरबसल्या दिसू शकतात, पण फौजदारी खटल्यातील कागदपत्रे सर्वसाधारण जनतेला इंटरनेटवरून दाखवता येत नाहीत. ती पाहायला न्यायालयातच जावे लागते. हा नियम गैरसोयीचा वाटेल, पण मला तो योग्य वाटतो. नाहीतर प्रत्येक शेजाऱ्याला प्रत्येकाची फाइल बसल्या जागी चाळता आली असती.

खासगी संकेतस्थळे आपली माहिती साधारणपणे अनुक्रमणिकेसारख्या वरवरच्या नोंदींतून उचलतात, आणि तीही कधीतरी, बहुतेकदा खटला दाखल होण्याच्या सुमारास. त्यानंतर आरोप कमी झाला, काढून टाकला गेला, शिक्षा पूर्ण झाली, पुढचा हुकूम झाला, यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोचेलच असे नाही. तुम्हाला दिसलेली ओळ अशीच अर्धवट आहे. खटला कसा सुरू झाला हे दहा ठिकाणी सापडते. तो कसा संपला हे खात्रीने सांगणारा कागद काउंटीच्या न्यायालयातच असतो. तुम्हाला हवा आहे तो हा शेवटाचा कागद, आणि अर्ज करताना पहिल्या शब्दापासून तोच मागायचा आहे.

पोर्टलवर नाव न सापडण्याची मला दोन कारणे दिसतात. पहिले आणि अधिक संभाव्य कारण ‘एक्स्पंज’ या शब्दात आहे. कॅलिफोर्नियात ज्याला लोक एक्स्पंज म्हणतात तो बहुधा दंडसंहितेच्या १२०३.४ या कलमाखालचा हुकूम असतो. त्यात आरोपीला गुन्ह्याची कबुली मागे घेऊ दिली जाते आणि खटला काढून टाकला जातो. फाइल जाळली जात नाही. गेल्या काही वर्षांत राज्याने १२०३.४२५ या कलमातून एक मोठी सुधारणा केली. अनेक जुन्या दोषसिद्धींना आता अर्ज न करताच आपोआप दिलासा मिळतो, आणि असा दिलासा किंवा १२०३.४ चा हुकूम मिळालेल्या दोषसिद्धीची माहिती न्यायालयाने त्रयस्थाला द्यायची नाही, असे बंधन घातले आहे. ती व्यक्ती स्वतः आणि फौजदारी न्याययंत्रणेतील संस्था यांना मात्र ती मिळते. मी मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. तुम्ही पत्नी असलात तरी न्यायालयाच्या दृष्टीने त्रयस्थच आहात, त्यामुळे तुम्ही गेलात तर रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता आहे. पतींनी स्वतः, सरकारी छायाचित्र ओळखपत्र घेऊन जायचे आणि ‘हे माझे स्वतःचे प्रकरण आहे, १२०३.४ चा हुकूम झालेला आहे’ असे सुरुवातीलाच सांगायचे. त्यांना संकोच वाटत असेल तर तुम्ही सोबत जा, पण खिडकीशी बोलणे त्यांचेच असू द्या.

दुसरे कारण नावाचे. आपली नावे अमेरिकेच्या रकान्यांत बसताना फार ओढाताण होते. वडिलांचे नाव ‘मिडल नेम’ होते, कधी ते आडनावाला चिकटून येते. ‘वैद्य’, ‘साठ्ये’, ‘दीक्षित’ यांसारख्या आडनावांची इंग्रजी लेखने दोन-तीन तऱ्हांनी होतात. आणि पासपोर्टवर सगळे नाव एकाच रकान्यात असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे छापून येते आणि पोलिसांच्या कागदावरही तेच उतरते. त्यामुळे शोधताना अटकेच्या वेळी पतींच्या पासपोर्टवर, व्हिसावर आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर नाव कसे होते ते काढा आणि प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधा. जन्मतारीख टाकून शोध नेमका करण्याची सोय पोर्टलवर नाही. २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या न्यायालयाविरुद्धच्या एका प्रकरणात राज्याच्या अपील न्यायालयाने, जन्मतारीख किंवा वाहन परवान्याचा क्रमांक वापरून जनतेला अनुक्रमणिका शोधू देणे नियमांत बसत नाही, असा निर्णय दिला. तो बदलण्यासाठी विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यपाल न्यूसम यांनी २०२२ मध्ये नकाराधिकार वापरला. परिणाम असा की, एकाच नावाच्या दोन माणसांतला फरक पोर्टलवर कळत नाही. अर्जात मात्र स्वतःची जन्मतारीख जरूर लिहा, म्हणजे सापडलेली फाइल आपलीच आहे की नाही हे ताडायला मदत होते.

खटल्याचा क्रमांक हाती असेल तर निम्मे काम झाले. तो जुन्या दंडाच्या पावतीवर, समाजसेवेच्या प्रमाणपत्रावर, जामिनाच्या कागदावर किंवा त्या काळच्या ई-मेलमध्ये सापडू शकतो. पतींना २०१२ ते २०१५ या वर्षांची मेलपेटी धुंडाळायला सांगा. क्रमांकाच्या सुरुवातीचे अक्षर गाळू नका, तो क्रमांकाचाच भाग असतो. क्रमांक नसेल तर क्लार्क नावावरून शोध घेतो, आणि त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर राज्याच्या कायद्यानुसार १५ डॉलर शोधशुल्क आकारता येते.

अर्जात काय मागायचे हे मी थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण ‘सगळी फाइल द्या’ असे लिहितात आणि मग पैसे तरी फार जातात किंवा नेमका कागद तरी राहून जातो. साध्या नकलेला पानामागे ५० सेंट पडतात. प्रमाणित नकलेला, म्हणजे क्लार्कची सही आणि न्यायालयाचा शिक्का असलेल्या नकलेला, त्याखेरीज प्रत्येक दस्तऐवजामागे ४० डॉलर पडतात. जाण्यापूर्वी न्यायालयाच्या सध्याच्या शुल्कपत्रकावर नजर टाका. चार दस्तऐवज प्रमाणित करून घेतले की १६० डॉलर आणि वर पानांचे पैसे. म्हणून आधी फाइल तिथेच बसून पाहू द्यावी अशी विनंती करा, पाने चाळा, आणि मगच कोणते प्रमाणित हवेत ते ठरवा. जुनी फाइल बाहेरच्या गोदामात ठेवलेली असेल तर ती येईपर्यंत काही दिवस थांबावे लागते. तसे असल्यास पुन्हा कधी यायचे ते विचारून घ्या.

तुमच्या कामासाठी चार कागद महत्त्वाचे आहेत. एक, सुरुवातीचे आरोपपत्र, ज्याला तिथे ‘कंप्लेंट’ म्हणतात आणि ज्यात फेलनीचे कलम लिहिलेले असेल. प्रकरण प्राथमिक सुनावणीआधीच तडजोडीने मिटले असेल तर एवढे एकच आरोपपत्र असेल. ते पुढे गेले असते तर ‘इन्फर्मेशन’ नावाचे दुसरे आरोपपत्रही असते. दोन, पतींनी सही केलेला कबुलीचा फॉर्म. तीन, शिक्षेच्या दिवसाची ‘मिनिट ऑर्डर’. त्या दिवशी न्यायालयात काय घडले याची ही अधिकृत टिपणी, आणि माझ्या मते सबंध फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद तोच. चार, २०१५ चा १२०३.४ खालचा हुकूम. मिनिट ऑर्डर वाचताना एका गोष्टीकडे बारकाईने पाहा : फेलनीचे मूळ कलमच मिसडिमीनर म्हणून खाली आणले गेले, की मिसडिमीनरचे नवे कलम जोडून फेलनीचे कलम काढून टाकले गेले? दोन्ही गोष्टी घरी सांगताना ‘फेलनी गेली’ अशाच सांगितल्या जातात, पण कागदावर त्या वेगळ्या असतात, आणि पुढे स्थलांतराच्या वकिलाला नेमका हाच फरक लागतो. शिक्षा किती दिवसांची होती, ती स्थगित होती का, प्रोबेशन (तुरुंगाबाहेर अटींवर राहण्याची मुदत) किती काळाचे होते, हेही त्याच कागदावर असते.

पोस्टाने अर्ज करायचा झाला तर एका पानात पूर्ण नाव आणि त्याची इतर रूपे, जन्मतारीख, खटल्याचा क्रमांक किंवा अटकेचा अंदाजे महिना, वरचे चार कागद त्यांच्या नावांनिशी, ‘प्रमाणित नक्कल’ हे स्पष्ट शब्द, परतीचा पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट आणि चेक एवढे असू द्या. परंतु तुमच्या प्रकरणात ओळख पटवण्याचा मुद्दा असल्याने आणि तुम्ही सनीव्हेलमध्येच असल्याने पोस्टाचा नाद सोडून प्रत्यक्ष जाणेच चांगले.

आता एक शक्यता सांगायला हवी, आणि ती आधीच सांगितलेली बरी. फाइल नष्ट झालेली असू शकते. न्यायालयाने कोणता कागद किती वर्षे ठेवायचा हे कॅलिफोर्नियाच्या शासनसंहितेच्या ६८१५२ या कलमात ठरवून दिले आहे. फेलनीत दोषी ठरल्यास निकाल कायमचा ठेवायचा आणि बाकीचे कागद ५० वर्षे किंवा शिक्षेची कमाल मुदत, यांपैकी जे अधिक असेल तितके. पण फेलनी कमी होऊन मिसडिमीनर झाली असेल, तर मिसडिमीनरची मुदत लागू होते, आणि सर्वसाधारण मिसडिमीनरसाठी ती फक्त पाच वर्षे आहे. ज्या तडजोडीने तुमच्या पतींना वाचवले, तिनेच त्यांच्या फाइलचे आयुष्यही कमी केले असण्याचा संभव आहे. मुदत संपली की फाइल नष्ट करता येते, केलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे ती अजून जागेवर असू शकते, आणि म्हणूनच हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. अनुक्रमणिका मात्र सर्वसाधारणपणे कायमची ठेवायची असते, त्यामुळे खटला होता एवढी खूण तरी उरते.

फाइल नष्ट झाल्याचे उत्तर मिळाले तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. शोध घेतला, अमुक खटल्याचे कागद नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत, असे सही-शिक्क्यानिशी लेखी मागा, आणि नोंदवही किंवा संगणकातील नोंद शिल्लक असल्यास तिची प्रमाणित प्रतही मागा. मग इतर दारे ठोठवायची. राज्याच्या न्याय विभागाकडून स्वतःचा गुन्हेनोंदीचा उतारा मागवता येतो. त्यासाठी ‘लाइव्ह स्कॅन’ने बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि ठसे घेणाऱ्याच्या मोबदल्याखेरीज विभागाचे शुल्क २५ डॉलर आहे. एफबीआयकडचा उतारा १८ डॉलरला मिळतो. हे दोन्ही उतारे पतींनी स्वतःच, स्वतःच्या नावाने मागवायचे. माझा आग्रह असा की, फाइल मिळाली तरी हे उतारे मागवाच, कारण नागरिकत्वाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठशांवरून आलेली माहिती असणार आहे, आणि त्याला जे दिसणार ते आपल्याला आधी दिसलेले बरे. उताऱ्यात अटक आहे पण निकालाची नोंद नाही असे आढळले, तर न्यायालयाच्या कागदांच्या आधारे ती दुरुस्त करून घेता येते. मिलपिटस पोलिसांकडे अटकेचा अहवालही मागून पाहा. जुन्या वकिलांचा पत्ता स्टेट बारच्या, म्हणजे राज्यातील वकिलांच्या अधिकृत संस्थेच्या, संकेतस्थळावरील वकिलांच्या यादीत नावावरून शोधता येतो. त्यांच्या कपाटात प्रत असणे अगदी शक्य आहे.

ज्या वाचकांच्या घरात अटक झाली पण पुढे खटलाच भरला गेला नाही, त्यांच्यासाठी इथेच एक वाक्य : डिस्ट्रिक्ट ॲटर्नीने, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाने, आरोपच दाखल केले नसतील तर न्यायालयात फाइल नसते, आणि तेव्हा आरोप दाखल झाले नाहीत असे अटक करणाऱ्या पोलीस खात्याचे किंवा न्यायालयाचे अधिकृत पत्र मागवावे लागते.

‘आता काहीही राहिलेले नाही’ या जुन्या वकिलांच्या वाक्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. नोकरी आणि घरभाड्याच्या बाबतीत त्या वाक्यात तथ्य आहे. नागरिकत्वाच्या बाबतीत नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० या अर्जात अटक, आरोप आणि दोषसिद्धी यांबद्दल विचारताना, नोंद पुसली गेली असली किंवा बंद केली गेली असली तरी सांगावे लागते, आणि न्यायालयाच्या प्रमाणित नकला जोडाव्या लागतात. संघराज्याच्या स्थलांतर कायद्यात ‘दोषसिद्धी’ची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केलेला आणि त्यावर काहीतरी शिक्षा झालेली असेल, तर पुढे चांगल्या वर्तनामुळे राज्याने तो खटला काढून टाकला तरी त्या कायद्याच्या लेखी दोषसिद्धी कायम राहते. चोरीचा गुन्हा छोटा असला तरी त्याचे परिणाम कलम आणि शिक्षेच्या दिवसांवर ठरतात. काही छोट्या गुन्ह्यांना सूट आहे, पण ती तुमच्या पतींना लागू होते की नाही हे कागद समोर ठेवून स्थलांतराच्या वकिलानेच सांगायचे आहे. म्हणून क्रम असा ठेवा : आधी नकला, मग वकील, मग अर्ज. अर्ज भरून टाकू आणि कागद नंतर देऊ, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. उन्हाळ्यात किंवा दिवाळीला पुण्याला जाण्याचा बेत असेल तर तोही वकिलाशी बोलेपर्यंत थांबवा, कारण ग्रीन कार्ड असलेल्या माणसालाही जुन्या दोषसिद्धीवरून परतीच्या वेळी विमानतळावर अडवले जाऊ शकते.

वकिलाला आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवले की, परदेशी नागरिक असलेल्या आरोपीला गुन्हा कबूल करण्याचे स्थलांतरावरचे परिणाम सांगणे हे त्याच्या वकिलाचे कर्तव्य आहे. तुमच्या पतींची कबुली त्यानंतरची, २०१२ ची आहे. त्यांना तेव्हा हे परिणाम समजलेच नव्हते असे दाखवता आले, तर कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील १४७३.७ या कलमाखाली, जे २०१७ पासून लागू आहे, ती कबुली रद्द करण्यासाठी न्यायालयात जाता येते. आणि कायदेशीर दोषामुळे रद्द झालेली दोषसिद्धी ही चांगल्या वर्तनामुळे काढून टाकलेल्या दोषसिद्धीहून स्थलांतर कायद्यात वेगळी मानली जाते. गरज पडेलच असे मी म्हणत नाही. पण गरज पडली तर कबुलीचा फॉर्म आणि त्या दिवसाची मिनिट ऑर्डर यांच्याशिवाय कोणताही वकील पहिले पाऊल टाकू शकणार नाही.

खासगी संकेतस्थळावरील नोंदीबद्दल थोडक्यात. त्या नोंदीचा नागरिकत्वाच्या अर्जाशी संबंध नाही, तेव्हा तिच्यामुळे झोप उडवू नका. एखाद्या कंपनीने किंवा घरमालकाने पार्श्वभूमी-तपासणीचा अहवाल मागवला आणि त्यात ही अर्धी नोंद आली, तर अहवाल देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घेता येते आणि तिला साधारण ३० दिवसांत चौकशी करावी लागते. शिवाय कॅलिफोर्नियात सात वर्षांहून जुनी दोषसिद्धी अशा अहवालात देण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. हरकतीसोबत जोडायला प्रमाणित नक्कल हाताशी असेलच.

इतर राज्यांतील वाचकांनी वरचे तपशील जसेच्या तसे उचलू नयेत. टेक्सासात फेलनीच्या फायली डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. न्यू जर्सीत ‘फेलनी’ हा शब्दच कायद्यात वापरत नाहीत. तिथे ‘इंडायटेबल’ गुन्हा म्हणतात आणि तो काउंटीतील सुपिरिअर कोर्टात चालतो. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालच्या पायरीचे न्यायालय आहे आणि न्यूयॉर्क शहरात फेलनीचे खटले तिथे चालतात. या नावामुळे आपले लोक हमखास गोंधळतात.

पतींना नकला मिळाल्या की खिडकी सोडण्यापूर्वी तिथेच बाकावर बसून प्रत्येक कागद उघडा. नावाचे स्पेलिंग, खटल्याचा क्रमांक, क्लार्कची सही आणि शिक्का, फेलनीच्या कलमापुढे लिहिलेला निकाल आणि हुकुमाची तारीख, हे सगळे तपासा. एखादे पान कमी असेल तर तिथल्या तिथे सांगितल्यास पुन्हा खेप पडत नाही. घरी आल्यावर स्कॅन करून ठेवा, पण लावलेली पिन काढू नका, कारण शिक्का शेवटच्या पानावर असतो आणि पाने सुटी झाली की नक्कल प्रमाणित राहिली की नाही अशी शंका घेतली जाते. प्रत्येक दस्तऐवजाचा एक प्रमाणित संच अर्जासाठी आणि मिनिट ऑर्डरची आणखी एक प्रमाणित प्रत घरी ठेवण्यासाठी, अशी मागणी पहिल्याच खेपेत करा. मिसडिमीनरची ती पाच वर्षे केव्हाच उलटली आहेत, आणि आज मिळालेली फाइल पुढच्या वर्षीही जागेवर असेल असे धरून चालता येणार नाही.